ठिणगीला सावली लागते

परवा सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होते, तर खालून किक मारल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी, मग जरा दम खाऊन तिसरी. आमच्या पार्किंगमध्ये आता निम्म्या गाड्या विजेवरच्या. त्या चालू आहेत की बंद, हे मालकालाही दिव्याकडे बघूनच कळतं. त्यामुळे कुणाच्या तरी घरात अचानक जातं फिरायला लागावं तसं वाटलं. वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी हौसेने एक जुनी टू-स्ट्रोक स्कूटर घेतली आहे, तिच्याशी ते झटत होते. पेटली एकदाची, आणि निळसर धूर तरंगत आमच्या गॅलरीपर्यंत आला.

तब्येतीला वाईट असतो म्हणे तो धूर. असेल. पण डिसेंबरच्या गारठ्यात जळक्या ऑइलचा तो गोडसर वास नाकात शिरला आणि मी इतकी खूश झाले की चहा निवला तरी कळलं नाही. त्या वासाचं बोट धरून आगटीतल्या शेणकुटांचा वास आला, भाजक्या कणसांचा आला, उसाच्या पाचटाचा आला. यातलं काहीही खाली पार्किंगमध्ये नव्हतं, हे सांगायला नकोच.

आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, प्लग काळा पडलाय त्याचा. वर्तमानपत्रातून मान वर न काढता. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलंय, चष्म्याचा नंबर विचारू नका, पण कान अजून कारखान्यातलेच आहेत.

एके काळी पुण्यात हिवाळ्याची सकाळ कोंबड्याने नाही, किकेने उजाडायची. आम्ही तेव्हा बिबवेवाडीत राहायचो. सकाळी इमारतीतला एकेक जण स्वेटर-कानटोपी चढवून खाली उतरायचा आणि आपापल्या स्कूटरची मनधरणी करायला लागायचा. थंडीत गाडी पहिल्या किकेला सुरू होते, ती फक्त जाहिरातीत. मग चोक ओढायचा. मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. तरी ऐकत नसेल तर शेवटचा रामबाण उपाय म्हणजे गाडी तिरकी करायची. आजारी म्हैस कुशीवर वळवावी तशी अलगद कलती करायची, क्षणभर थांबायचं, सरळ करायची आणि किक. याने आत नेमकं काय घडतं याबद्दल प्रत्येकाचं शास्त्र वेगळं होतं, पण गाडी तिरकी न करता हार मानलेला पुणेकर मी पाहिलेला नाही. आणि झटणाऱ्याच्या भोवती खिशात हात घालून उभे राहिलेले दोघं-तिघं असायचेच. मागितला नसेल तर सल्ला द्यायचा आणि मदत मागितली तर घड्याळात बघायचं, ही आमच्याकडची जुनी रीत.

बाबांना मात्र कुणी सल्ला देत नसे. ते स्कूटरच्याच कारखान्यात होते, आणि तेही ठिणगीच्या खात्यात. इंजिनाच्या पोटात चाक फिरतं, त्यातून वीज तयार होते, ती प्लगच्या टोकाशी ठिणगी होऊन उडते, आणि ती उडाली तरच पुढचं सगळं. बाबांची उभी नोकरी ती ठिणगी उडते की नाही हे बघण्यात गेली. लहानपणी मला वाटायचं, पुण्यातल्या सगळ्या गाड्या बाबा रोज सकाळी जाऊन पेटवून येतात.

मग बाजार मोकळा झाला, बाहेरच्या कंपन्या आल्या, फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. कमी पेट्रोल, कमी धूर, बटण दाबलं की चालू. लोक खूश होते आणि खरं सांगायचं तर मीही खूश होते, कारण किक मारून माझी पोटरी दुखायची. पण बाबांचं खातं बंद झालं. त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली बाबांची स्वेच्छा शोधायला भिंग लागलं असतं. निरोप समारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. साहेब बाबांबद्दल इतकं चांगलं बोलले की आईला वाटलं, आता म्हणतील, राहा की अजून थोडे दिवस. म्हणाले नाहीत. नारळाच्या वड्या झाल्या, शाल कपाटात गेली, आणि बाबा खुर्चीत बसले ते बसलेच.

त्याच हिवाळ्यात मीही घरी होते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आई म्हणायची, हे तू घरात फुकट करत होतीस. पण तिकडे अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचा काहीतरी फुगा फुटला, इकडे आमचं काम आटलं आणि आम्हाला बेंचवर बसवलं. पगार मिळेल, काम नाही, बोलावलं की या. म्हणजे मी बेंचवर आणि बाबा खुर्चीवर. मला त्याचं काही वाटत नव्हतं, मी दुपारी झोपायला शिकले. बाबांना झोपही येत नव्हती.

त्यांना एकच भीती होती. "सध्या काय करता?" हा प्रश्न. पुण्यात हा प्रश्न माहितीसाठी विचारत नाहीत, माप घेण्यासाठी विचारतात. बाबा गॅलरीत बसेनासे झाले, कारण गॅलरी रस्त्यावरून दिसते. लग्नाचं आमंत्रण आलं की त्यांचा गुडघा दुखायला लागायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी मंडईत जाणं सोडलं. दर रविवारी मोठी पिशवी घेऊन मंडईत जाणं, वांग्याला अंगठ्याने हलकेच दाबून बघणं, गाळेवाल्याशी दोन शब्द टाकणं, हा त्यांचा जिवाचा कार्यक्रम. पण मंडईत निम्मा कारखाना भेटायचा. तेव्हा आई कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून भाजी घ्यायला लागली आणि आम्ही सगळे मुकाट्याने बिया-बियांची वांगी खायला लागलो.

अशात मांजरीहून दत्तामामाचा फोन आला. दत्तामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. हडपसर ओलांडलं की तेव्हा ऊस सुरू व्हायचा, आणि मामाच्या उसाच्या तिन्ही बाजूंनी आता इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते. मामी हुशार. तिने ते सांगाडे बघून ठरवलं की उद्या इथे शहरातली माणसं राहायला येणार, त्यांना शेत बघायला हवं असणार. तिने उसाच्या कडेला हुरड्याची ज्वारी पेरायला लावली, चिंचेखाली सतरंज्या टाकल्या, आणि शनिवार-रविवार हुरडा पार्टी सुरू केली. मामा म्हणाला होता की कणसं भाजून खायला पुण्याहून कोण कशाला येतंय. पहिल्याच रविवारी गाड्या लावायला जागा पुरली नाही.

मामाने त्यात आपली भर घातली. शेजारच्या प्लॉटवरच्या बिल्डरच्या मुलासाठी परदेशातून एक चार चाकांची छोटी मोटरसायकल आणलेली होती, डोंगरदऱ्यांतून उडवायची. मुलगा अमेरिकेला शिकायला गेला आणि ती पोत्याखाली पडून राहिली. मामाने ती उचलून आणली. बसकी, रुंद, पुढे दोन डोळे. मामाच्या घरात तिला बेडूक म्हणायला लागले. हुरडा खाऊन झाला की मामा लेकरांना एकेक करून पुढे बसवायचा आणि बेडकावरून शेताला फेरी मारून आणायचा. टू-स्ट्रोक होता, धूर सोडायचा, तडतडायचा, पोरं वेडी व्हायची. फक्त एकच अडचण होती. मध्येच तो बंद पडायचा. साधा नाही, मिटल्यासारखा बंद. मामाने आपल्या दाजींना, म्हणजे बाबांना, बोलावणं धाडलं.

बाबा स्कूटरवर निघाले. सोमवारी. रविवार संपला होता, शेतावर चिटपाखरू नसणार, म्हणून सोमवारी. बेंचवरची मी मागच्या सीटवर. बाबांच्या मांडीला कारखान्यातली जुनी कापडी पिशवी, तीत प्लगचा पाना, पक्कड, पॉलिश पेपर. ती पिशवी त्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच काढली होती. उसाच्या वासाची गार हवा तोंडावर येत होती आणि बाबा चक्क शीळ घालत होते. मी काही बोलले असते तर थांबले असते.

बेडकाच्या हँडलला लिंबू-मिरची लोंबत होती. लेकरांनी ओढून काढू नये म्हणून मामीने ती बारीक तारेने करकचून बांधलेली. बाबांनी नाक मुरडलं, पकडीने तार तोडली, आणि लिंबू-मिरची उचलून बांधावर ठेवली. कामाला बसण्याआधी यंत्रावरचं परकं ते सगळं उतरवायचं, ही त्यांची कारखान्याची शिस्त. शिवाय ते देव मानतात, लिंबू मानत नाहीत. मग त्यांनी प्लग काढला, तो वायरच्या टोपीत पुन्हा खोचला, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवलं, आणि मला म्हणाले, "इथे उभी राहा, माझ्या डाव्या हाताला. ठिणगी उन्हात दिसत नाही, तिला सावली लागते."

मी उभी राहिले. मामाने किक मारली. माझ्या सावलीत प्लगच्या टोकाशी निळी, जाड, टच्च आवाज करणारी ठिणगी उडाली. पिवळी असती तर दुखणं, निळी म्हणजे तब्येत ठणठणीत. बाबांनी तरी प्लग घासला, वायरी पुसल्या, आणि स्वतः बसून शेताला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. बेडूक एकदाही बंद पडला नाही. बाबा उतरले तेव्हा त्यांच्या भुवयांवर धूळ होती आणि चेहरा कितीतरी दिवसांनी माझ्या ओळखीचा वाटला.

पुढच्या सोमवारी मामाला फोन केला तर तो म्हणाला, ब्येस चाललाय की, दाजी. त्याच्या पुढच्या सोमवारीही ब्येस. बाबा तरीही एकदा जाऊन बघून आले, लिंबू काढून बांधावर ठेवलं, ठिणगी निळीच होती.

मग एका रविवारी आम्ही बेंचवरची मंडळी हुरडा खायला मांजरीला गेलो. बाबांना म्हटलं चला, तर म्हणाले, रविवारी माझं शब्दकोडं असतं. ऊन कोवळं होतं. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, हात पोळत असतानाच फुंकर मारून फोलकटं उडवायची, आणि हिरवे लुसलुशीत दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. वर वांग्याचं भरीत, वर दही, वर गूळ. जगात बेंचसारखी नोकरी नाही, असं आमचं एकमत होत होतं, तोवर पलीकडे बेडूक निघाला. आणि उसाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळता वळता बंद पडला. मामा खाली उतरला आणि मुकाट्याने ढकलायला लागला. त्या ढकलण्यात इतका सराव दिसत होता की मी जे समजायचं ते समजले.

आमची मंडळी मदतीला धावली. सगळे इंजिनिअर, सगळे पुण्यातले. थोडी चर्चा झाली आणि मग एकाने सुचवलं की तिरका करून बघू. अहो, चार चाकांचा बेडूक तो, तिरका कसा होणार? पण सवय. सहा पदवीधरांनी एका अंगाने उचलून त्याची दोन चाकं हवेत धरली, क्षणभर थांबले, परत खाली ठेवलं, आणि मोठ्या श्रद्धेने किक मारली. चिंचेखालच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बेडूक ढिम्म.

मामाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, दर शनिवार-रविवारी असंच होतं, त्या कोपऱ्यावर हमखास. पण हे दाजींना सांगायचं नाही. मामीने वर गळ घातली, "जावयाला कसं गं सांगायचं, तुमचं काम फसलं म्हून? आदीच त्यांचं मन नाजूक झालंय." त्या घरात जावयाने केलेल्या भाजीत मीठ जास्त झालं तरी सगळे गोड मानून खातात, मग हे तर ठिणगीचं काम. आणि मामीने उपाय म्हणून काय केलं होतं, तर आदल्या दिवशी एकाऐवजी दोन लिंबं बांधली, आणखी करकचून. नजर मोठी असेल तर उतारा मोठा हवा.

मला पोटात गोष्ट ठेवता येत नाही. टेस्टरला येऊही नये. संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगून टाकलं. बेडूक बंद पडतो याचा बाबांना राग आला नाही, 'ब्येस' म्हणाले याचा आला. सोमवारी ते तडक गेले आणि प्लग बदलला, टोपी बदलली, वायर बदलली. लिंबं बांधावर गेली. बेडूक दिवसभर पळाला. आणि रविवारी पुन्हा बंद पडला.

मी म्हटलं, बाबा, चूक डोळ्यांसमोर घडल्याशिवाय सापडत नसते, आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे हा. बेडूक रविवारी आजारी पडतो आणि तुम्ही सोमवारी नाडी बघता. रविवारी चला. बाबा म्हणाले, रविवारी धूळ फार असते. मग म्हणाले, गर्दीत यंत्राकडे लक्ष लागत नाही. आई भाजी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, अहो, लोक विचारतील म्हणून ना? बाबा उठून आत गेले. मला आईचा राग आला आणि बाबांचं इतकं वाईट वाटलं की मी उरलेली सगळी गवार निवडून टाकली.

त्या आठवड्यात मामाचा फोन आला. बाबांनीच उचलला. मामा भला माणूस, त्याला बाबांना सोडवायचं होतं. तो म्हणाला, दाजी, तुम्ही आता तसदी घेऊ नका, लई केलंत तुम्ही, तुमच्या हातात कलाच आहे, पण आता तो बेडूक भंगारात द्यायचं ठरवलंय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले, फोन ठेवला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आणखी एक शाल नको मला. रविवारी जायचं."

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो खराब होईल म्हणून बदलला, आणि परत घातला. रस्ताभर शीळ नव्हती. मांजरीला पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, चिंचेखाली माणसंच माणसं, बाटलीतलं पाणी पिणारी, टोप्या घातलेली. बाबांची चाल मंदावली. मामीने आम्हाला पाहिलं आणि जावई न सांगता आले म्हणून पदर सावरत आधी पाण्याचा तांब्या आणायला पळाली. बाबा कुणाकडेही न बघता थेट बेडकाकडे गेले. हँडलला आता तीन लिंबं होती. बाबांनी सवयीने पक्कड काढली.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आज काही काढायचं नाही, काही पुसायचं नाही, जसा आहे तसा चालवायचा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं टेस्टरचं पगारपत्रक जाळून टाकावंसं वाटलं. पण पक्कड पिशवीत गेली.

मामा एका लहानगीला पुढे बसवून निघाला. तडतडत, धूर सोडत, उसाच्या कडेने. कोपरा आला. मामाने हँडल डावीकडे वळवलं. तडतड थांबली.

बाबा चालत कोपऱ्यावर गेले, मागोमाग मी, आणि आमच्या मागोमाग अर्धी हुरडा पार्टी, कारण बंद पडलेल्या गाडीभोवती उभं राहणं पुण्याबाहेर गेलं तरी सुटत नाही. बाबांनी मातीत गुडघे टेकले. वळलेलं हँडल कुणी सरळ करू नका म्हणाले. प्लग काढला, टोपीत खोचला, इंजिनाला टेकवला. माथ्यावर लख्ख ऊन होतं. आणि गर्दीतला एक गृहस्थ, माझ्या साहेबांच्या वयाचा, गळ्यात कॅमेरा, हातात हुरड्याची वाटी, पुढे झुकून म्हणाला, "काका, तुम्ही इथलेच का? सध्या काय करता?"

मी मामीकडे पाहिलं, मामीने जमिनीकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली. हात काळे, कपाळावर घाम, इस्त्रीच्या शर्टाची वाट लागलेली.

"सध्या ठिणगी शोधतोय," बाबा म्हणाले. "तुम्ही असे या, इथे उभे राहा. आणि ते मागचे सगळे पण या पुढे. मला सावली हवीय."

तो गृहस्थ वाटीसकट आला आणि उभा राहिला. त्याची बायको आली, बाकीचे आले, खांद्याला खांदा लावून बाबांभोवती कोंडाळं झालं. ज्या माणसांना टाळायला बाबांनी गॅलरी सोडली होती, मंडई सोडली होती, ती सगळी माणसं बाबा सांगतील तिथे सरकत होती, आणि बाबा त्यांना जरा डावीकडे, जरा पुढे असं करत होते. त्यांच्या सावल्यांनी इंजिन झाकून गेलं. मामाने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. अंधार.

ठिणगी नाही हे बघून बाबांना जो आनंद झाला, तो मी निळी ठिणगी बघतानाही पाहिला नव्हता. दुखणं शेवटी हाती लागलं होतं. बेडकाच्या हँडलवर गाडी बंद करायचं एक लाल बटण होतं. ते दाबलं की तिथली वायर गाडीच्या लोखंडाला चिकटते, वीज तिकडून निघून जाते आणि प्लगला काही उरत नाही. बाबांनी खाली ती वायर जोडातून सोडवली आणि मामाला खूण केली. किक. सगळ्यांच्या सावलीत निळी ठिणगी टच्च उडाली. वाटीवाले गृहस्थ आपलंच काम झाल्यासारखे हसले.

म्हणजे कुणीतरी बटण न दाबता बटण दाबत होतं. बाबांनी वायर परत जोडली आणि तिच्यावरून बोट फिरवत वर वर गेले. हँडलपाशी बोट थांबलं. मामीच्या करकचलेल्या तारेने वायरीचं रबर कापत नेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं, आणि तारेचं दुसरं टोक हँडलच्या लोखंडाला गुंडाळलेलं. हँडल डावीकडे वळलं की तार ताणून तांब्यावर बसायची. शनिवारी नवं लिंबू, नवी तार. सोमवारी बाबा येऊन दोन्ही काढून बांधावर ठेवणार, आणि मग दिवसभर गाडीत काही सापडत नाही म्हणून डोकं खाजवणार.

मामीचा चेहरा पडला. मामा लिंबाकडे बघत होता. आता बाबा काहीतरी बोलणार आणि ते शनिवारवाड्यापर्यंत ऐकू जाणार, याची मला खात्री होती. पण बाबा मातीतच मागे बसले आणि हसायला लागले. म्हणाले, गेले सगळे सोमवार हे दुखणं मी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवत होतो आणि परत यंत्रात शोधत होतो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मामाही हसला, आणि मग मामी. म्हणाली, "नजर तर लागलीच हुती दाजी. फकस्त तुमची लागायची ऱ्हायली हुती."

बाबांनी वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. मामी लिंबं फेकायला निघाली तर तिला थांबवलं. सुती दोरा मागितला, बेडकाच्या मागच्या बाजूला जागा निवडली, तिथे कुठली वायर जात नाही हे दोनदा हात घालून बघितलं, आणि ज्या हाताने जन्मात लिंबू बांधलं नाही त्या हाताने तिन्ही लिंबं बांधून दिली. मग बेडूक जो सुटला तो संध्याकाळपर्यंत. त्या गृहस्थांनी बाबांसाठी स्वतः कणीस चोळून आणलं, फुंकर मारून, आणि जाता जाता विचारलं की त्यांच्या जुन्या स्कूटरकडे बाबा एकदा बघतील का. बाबा तोंडातला हुरडा संपवून म्हणाले, घेऊन या, रविवारी मी इथे असतो.

पुढच्या शनिवारी सकाळी मी उठले तर बाबा दारात चपला घालत होते. मामी भरताला जी वांगी वापरते ती निव्वळ बियांची असतात, म्हणाले, मंडईतून चांगली घेऊन येतो उद्यासाठी. आईने दाराआडची मोठी पिशवी काढली, झटकली, आणि अगदी सहज विचारलं की तिथे कारखान्यातलं कुणी भेटलं तर. बाबा म्हणाले, भेटू दे. हुरड्याला या म्हणेन.

आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळाखाली भांडं नव्हतं.

त्यानंतर मला काम मिळालं, बेंच सुटला. मांजरीतला ऊस हटत हटत गेला. बेडूक बरेच हिवाळे पळाला. बाबांचा रविवार कधी हुकला नाही, आणि सोमवारी शब्दकोडं सोडवायला त्यांना पुरेसा वेळ मिळायचा.

परवा डॉक्टरांची स्कूटर फाटकापर्यंत गेली आणि फुसफुसून बंद पडली. पुन्हा किका सुरू झाल्या. वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज आला. मग कपाट उघडल्याचा, मग कापडी पिशवीतल्या पक्कड-पान्याचा. जिना उतरायला बाबांना हल्ली वेळ लागतो, पण मी मध्ये पडत नाही. वरून पाहिलं, तर डॉक्टर स्कूटर तिरकी करत होते आणि बाबा त्यांना हाताने थांबवत होते. मग ते हळूहळू गुडघ्यावर बसले. प्लग काढला. ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून आमच्या गॅलरीकडे पाहिलं आणि हाक मारली, "खाली ये गं. सावली हवीय."

चहा तसाच कठड्यावर ठेवून मी खाली गेले.